मैनुद्दीनचाचांचा पक्का टाका

येरवड्यात अशी बातमी होती की मैनुद्दीनचाचांना परदेशी पैशाची मस्ती चढलीय, म्हणून दारातली बारा वर्षांची लाल गाडी ते जहाजात घालून न्यूझीलंडला नेतायत. "तिकडं काय बैलगाड्या चालतात होय?" टपरीवर रोज कुणीतरी विचारायचं आणि रोज सगळे नव्यानं हसायचे. हसणाऱ्यांत त्यांची शेजारीण मीही होते.

खरं असं की पैसा आलाच नव्हता, बोलावणं आलं होतं. लेक हुस्नबानू तिकडं नर्स; आईबापाला कायमचं घेऊन जायचं म्हणत होती. आणि गाडी चाचांची नव्हतीच, कमरजहांचाचींची होती. पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच नेलेले. सातवी पास गॅरेजवाल्या चाचांनी बिनक्लचची गाडी शोधून स्टिअरिंगपाशी एक दांडी बसवली. पुढं ढकलली की ब्रेक, खाली दाबली की वेग. त्या दांडीच्या जोरावर चाची रोज एकट्या बुधवार पेठेत जायच्या, दुकानात बसून रेडिओ दुरुस्त करायच्या, आणि सिग्नलला कुणी आडवं आलं की काच खाली करायच्या. "सावकाश जा हं भाऊ, वरचे लोक वाट बघतायत!"

चाचींची अट एकच होती. "गाडी येत असेल तर मी येते. पेटीसारखी या खोलीतून त्या खोलीत उचलून ठेवणार असाल, तर मी इथंच बरी."

चाचांना त्यात अडचण दिसेना. बारा वर्षांपूर्वी आरटीओतल्या साहेबांनी स्वतः गाडीत बसून आवारातल्या चिंचेच्या झाडाला एक फेरी मारली होती. "कुणी केलंय हे?"

"मीच, साहेब."

"बरं केलंत. आता दुसरं काही करू नका."

कागदावर बदलाची नोंद झाली, शिक्का बसला. एका सरकारनं मानलं म्हणजे सगळ्या सरकारांनी मानलं, असं चाचा धरून चालले.

ते मत गाड्या जहाजानं पाठवणाऱ्या यज्ञेश्वरनं मोडलं. "काय आहे ना चाचा, तुमचा स्टॅम्प इथं व्हॅलिड. तिथं झीरोपासून सुरू. एव्हरी मॉडिफिकेशन तिथला माणूस चेक करणार. आधी फोटो पाठवू, नाहीतर गाडी पोर्टवर अडकून पडेल."

चाचांनी गाडी धुतली, फोटो काढले, आलेखाच्या कागदावर दांडीचं चित्र काढलं. तिकडून प्रश्न आला: दांडी कशी जोडलीय? चाचांनी छाती फुगवून यज्ञेश्वरला लिहायला लावलं, "पेडललाही वेल्डिंग, स्टिअरिंगच्या खांबालाही वेल्डिंग. टाका जन्मभर सुटणार नाही." परक्याची गाडी असती तर नट-बोल्टवर भागवलं असतं. पण बोल्ट आज ना उद्या सैल होतो. बायकोच्या गाडीला टाकाच मारायचा, हा त्यांच्या हाताचा धर्म.

उत्तर आलं. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांवरचं वेल्डिंग चालणार नाही. दोन्ही भाग कंपनीचे, कोरे बसवा, दांडी बोल्टनं धरा, मग तपासू.

चाचा गाडीच्या दारात उकिडवे बसले. मग दांडी धरून त्यांनी जिवाच्या आकांतानं हिसडली. टाका सुटला नाही.

"इतना अच्छा काम कायको किया मैंने?" ते म्हणाले.

ते मॉडेल बंद होऊन सात वर्षं झाली होती. पेडल मिळालं, खांब मिळेना. गाव पालथं घालून झाल्यावर शेवटी कंपनीलाच पत्र लिहिलं. चाची रोज विचारायच्या, "कुठवर आलं?" चाचा म्हणायचे, "चाललंय." तेवढंच बोलून ते गॅरेजात पळायचे. जेवायलासुद्धा घरी येईनासे झाले.

त्यांचा तो चेहरा बघवेना, म्हणून मी म्हणाले, "मिळणार चाचा. पैज लावा."

"नाही मिळणार."

"काय लावताय?"

चाचांनी हात पुसले. "जो हरेल, त्यानं चाचीला सांगायचं."

कंपनीचं उत्तर गुरुवारी आलं, एका ओळीचं: तो भाग आता बनत नाही. चाचांनी ते माझ्या हातात दिलं आणि घराच्या दाराकडं बोट केलं.