आखाजीला ठरतं

"तुझ्या तालुक्यात आहे तरी काय?" लालाजींनी विचारलं.

मी रजा मागायला उभा होतो. पंजाबातल्या या मंडीच्या गावात लालाजींच्या केळी पिकवायच्या खोल्या आहेत आणि त्यांची राखण माझ्याकडे. दार उघडं राहिलं की गॅस जातो, माल धड हिरवा राहत नाही, धड पिवळा होत नाही. म्हणून मी दाराबाहेरच्या खाटेवरून फारसा हलत नाही. जेवतानाही कान दाराकडेच.

आखाजी तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि कोणाचं वावर कोण करणार ते वर्षापुरतं तेव्हाच ठरतं. माझ्या वडिलांचे, आबांचे, गुडघे गेलेत. फोनवर म्हणाले होते, "आखाजीले ये. नही उना तं वावर निमबटाईले देई टाकसू." म्हणजे मी नाही आलो तर कसणारा दुसरा, पीक निम्मं निम्मं. एकदा दुसऱ्याचा हात बसला की मी परत जाऊन करणार काय?

तर लालाजींना सांगितलं. शाळा आठवीत सुटली, पण एवढं येतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे आम्ही. नदीकडं काळी जमीन, केळीच्या बागा. डोंगराकडं जाल तसा मुरूम लागतो, मग कपाशी, ज्वारी. वरच्या पाड्यांवरची माणसं कपाशी वेचायला खाली उतरतात. बाजार चोपड्याचा. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीची दांडी धरवत नाही. आणि वैशाखात एक वादळ आलं की घडांसकट बाग आडवी, म्हणून तेव्हा बोलता बोलता माणसं वर बघतात. केळीचं खोड कापलं की त्याच बुंध्याच्या पिलावर दुसरं पीक घेतात, ती पीलबाग. आबा चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही मनी पीलबाग." त्यांची पीलबाग मी. हे मात्र लालाजींना सांगितलं नाही.

लालाजी हसले. "अरे, तुझा तालुका तर ट्रकात बसून माझ्या दारात येतो. तू तिकडे जाऊन काय बघणार?"

"फक्त याचा बापच यायचा राहिलाय," एक हमाल म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

ते नाही म्हणाले असते तर भांडलो असतो. पण काविळीत याच माणसानं मला दवाखान्यात नेलं, त्यांच्या घरून रोज पातळ मूगडाळ यायची. परमुलखात इतकं कोण करतं? ते नाही म्हणालेच नाहीत. "जायचं तर जा बेटा. ऐन हंगाम आहे, खोल्या कोणावर सोडू ते तूच सांग."

मी म्हणालो, "राहतो."

संध्याकाळी खाटेवर बसून आबांना फोन लावला. येणं जमत नाही म्हणालो.

"मंग देई टाकू?"

पाठीमागं खोलीचं यंत्र घरघरत होतं.

"द्या, आबा."

"बरं. आठे बठ्ठं बरं शे," इकडचं सगळं ठीक असल्याचं सांगून त्यांनी विचारलं, "तू जेवना का?"

"जेवनू," मी म्हणालो. ताट खाटेखाली झाकलेलंच होतं. फोन ठेवला, उठलो आणि दार नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं.