कार्बोरेटरवाले मामा

जेट धुऊन झालं की मामा ते चिमटीत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि दुसऱ्या डोळ्यानं त्याच्या भोकातून वर बघायचे. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला तुरीच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा. त्याच्या सुईएवढ्या भोकातून इंजिनला पेट्रोल जातं. स्वतःचं बघून झालं की मामा ते माझ्या तळहातावर ठेवायचे.

"बघ लेका. आभाळ दिसायलंय का?"

"दिसायलंय मामा."

"मग पेट्रोलला बी वाट दिसंल."

भालकीत आमचा मंडपाचा धंदा. वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला पेट्रोलवर चालणारा एक जुना ट्रक आमच्याकडे आहे. असल्या गाड्या आता राहिल्या नाहीत, तसे त्यांचे मेस्त्रीही राहिले नाहीत. भालकीच्या कुठल्याही गॅरेजात नेला की पोरं बॉनेटमध्ये डोकावून हसायची आणि म्हणायची, "मुडबीला न्या." मुडबीला मामा होते. फौजेत वीस-बावीस वर्षं त्यांनी असलेच ट्रक दुरुस्त केले होते आणि निवृत्त होऊन गावी शेती बघत होते. ते आमचे नात्यानं कोणी नव्हते. पण वडील त्यांना "जय भीम, मामा" म्हणायचे, म्हणून ते आम्हालाही मामाच.

तुम्हीही असे मेस्त्री पाहिले असतील, जे काम करताना जगाशी बोलत असतात. मामांचं तसं नव्हतं. कार्बोरेटर खोलायच्या आधी ते अंगणात धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचे आणि एकेक भाग ओळीनं मांडायचे. त्या धोतरावर कुणी पाय ठेवला तर मामी आतून ओरडायच्या, कारण धोतर धुवायचं काम त्यांच्याकडे होतं. फ्लोट नावाचा पितळी डबा मामा कढत पाण्यात बुडवून धरायचे. बुडबुडा आला की डब्याला चीर आहे, हे ठरलेलं. पंपाची चामड्याची चकती रात्रभर गोडेतेलात भिजायची. सांध्यांतून पेट्रोल गळू नये म्हणून लागणारं पॅकिंग ते स्वतः कागदातून कापायचे.

घाई करणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर होतं. "उद्या ये. न्हाईतर परवा परत येशील."

गेल्या काही वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची कपबशी वाजायची. ते हात गुडघ्याखाली दाबून बसायचे आणि आम्ही न पाहिल्यासारखं करायचो. कामाला मात्र तो हात अजून चालत होता.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी मी कार्बोरेटर त्यांच्याकडून पुरता खोलून, धुऊन, नवं पॅकिंग घालून घेतला. दोन दिवस लागले. आठवड्याभरात आम्ही आळंदकडच्या एका लग्नाला निघालो. मी चालवत होतो आणि माझा मोठा भाऊ मागं मंडपाच्या पाइपांवर बसला होता. ऐन चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक पुरे लागले नाहीत. गाडी मागं घरंगळत खड्ड्यात गेली, पाइप सुटले आणि दादाचा पाय त्यांच्याखाली सापडला.

बिदरच्या दवाखान्यात दादाच्या पायात सळई घातली. तिसऱ्या दिवशी मामा बस बदलत बदलत तिथं आले. हातात पपई होती. ते दादाजवळ बसायच्या आधीच मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"मामा, हात चालत न्हाई तर न्हाई म्हणायचं होतं. दादा मेला असता."

मामांनी पपई बाकावर ठेवली आणि जिना उतरून गेले. पुढं कळलं, त्यांनी सगळी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. कुणी गाडी घेऊन आलं तर म्हणायचे, "माझ्याच्यानं व्हत न्हाई. एकाचा पाय मोडलाय मी."

आम्ही हैदराबादहून नवा कार्बोरेटर मागवून बसवला. मामांनी केलेला जुना मी सीटखाली टाकून दिला. तोवर पावसाळा आला आणि ट्रक भालकीतल्या भालकीतच फिरला, बाजार ते गोदाम. गाडी उत्तम चालली. सगळे म्हणाले, "बघा, म्हाताऱ्याचाच दोष व्हता." मीही मान हलवली.

आठ महिन्यांनी निंबर्ग्याचं एक लग्न मिळालं. दादा आता चालत होता, पण त्याला मी सोबत घेतलं नाही. तीसेक किलोमीटर गेल्यावर गाडीनं तेच दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. नशीब, रस्ता सपाट होता. मी गाडी कडेला घेतली. पेट्रोल किती आहे ते काडी घालून बघावं म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर आतून लांब श्वास ओढल्यासारखा आवाज आला. पुन्हा किल्ली फिरवली तर इंजिन लगेच सुरू.

मी झाकण हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. लग्नाच्या ठिकाणी पेट्रोल चोरीला जायचं म्हणून हे कुलपाचं झाकण मी स्वतः बाजारातून आणलं होतं. मामांनी कार्बोरेटर दिला त्याच आठवड्यात. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं ते झाकण. जुन्याला हवेसाठी बारीक भोक होतं, याला नव्हतं. पेट्रोल कमी होत गेलं तरी टाकीत हवा जात नव्हती, म्हणून तासाभरानं पेट्रोल यायचंच बंद व्हायचं. जवळच्या फेरीत हे कधी कळणार नव्हतं.

झाकणाऐवजी फडकं बांधून मी निंबर्ग्याला माल उतरवला आणि तसाच मुडबीला गेलो.

दुपारची वेळ होती. मामा ओसरीत शेंगा फोडत बसले होते. ट्रक बघूनही उठले नाहीत.

"कामून आलास? पाय बरा हाय का त्याचा?"

"चालायलाय मामा." मी झाकण त्यांच्यापुढं धरलं आणि सगळं सांगितलं. नवा कार्बोरेटर असूनही गाडी कशी बंद पडली, आवाज कसा आला, झाकण कुणी आणलं.

त्यांनी झाकण तोंडाला लावून फुंकलं. हवा जाईना. उलटं केलं आणि पुन्हा फुंकलं.

"म्हंजी... माझा हात न्हवता?"

"न्हवता मामा. माझा व्हता."

मामा एकदम आत तोंड करून ओरडले, "अगं ए! हिकडं ये. भोकच न्हाई ह्याला!" मामी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. मामा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग माझ्याकडं वळले. "गाढवा, झाकण बदललास तर सांगाया काय झालतं? तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

शिव्या खाऊन इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

"मामा, दवाखान्यात मी जे बोललो..."

"ते ऱ्हाऊ दे. आधी पोतं काढ खाली."

झाकण मामींनी पाटावर धरलं आणि मामांनी हातगिरमिटानं त्याला भोक पाडलं. गिरमिट थरथरायला लागलं तेव्हा मामींनी आपला मोकळा हात त्यांच्या हातावर ठेवला. मग मी सीटखालचा जुना कार्बोरेटर काढून त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "हाच बसवायचा." त्यांनी तो पुन्हा खोलून धुतला. बारीक स्क्रू मामींनी फिरवले आणि किती फिरवायचे ते मामांनी सांगितलं. पुढं दोन-अडीच वर्षं त्या घरात काम असंच चाललं. गाडीवाले म्हणायचे, मुडबीला आता दोन मेस्त्री आहेत.

मामा गेले त्याला दीड वर्ष होईल. ट्रक अजून आमच्याकडं आहे. मामांचं नाव निघालं की मला त्या दिवशीची संध्याकाळ आठवते.

कार्बोरेटर बसवून झाल्यावर आम्ही दोघं गाडी लांब फिरवून बघायला निघालो. मामा माझ्या शेजारी ताठ बसले होते, रस्त्याकडेचा किलोमीटरचा एकेक दगड मोजत. वीस किलोमीटर झाले. तीस झाले. पस्तीसला ते म्हणाले, "बास. फिरव." परतताना मी बाजूला पाहिलं. मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं. मामा झोपले होते. चालत्या गाडीत इंजिनाकडं कान न देता बसलेले मामा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

घरासमोर गाडी उभी केली. मामी दारातून पुढं आल्या, काचेतून आत डोकावल्या. मी किल्लीला हात घातला तशा त्या घाईनं खुणा करू लागल्या.

"बंद नका करू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आठ म्हैन्यानं झोपायलेत. अजून एक चक्कर मारून आणा."

मी गाडी हळूच पुढं काढली.