हातचा लाडू

गेलं, पोर गेलं, असंच वाटलं मला. त्याची आई त्याच्या तोंडात बोटं घालून लाडू उकरून काढत होती आणि पोर ओकाऱ्या देत होतं. शेंगदाण्याचा लाडू. मी घरी वळलेला. दुकानाचा पहिला दिवस, म्हणून येईल त्याच्या हातावर ठेवत होते. इथं अमेरिकेत शेंगदाण्यानं पोरांचा घसा सुजतो, जीव जातो, असं ऐकलेलं. कडेवर माझी पोरगी रडतेय, मी तशीच पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

"ताई, अ‍ॅलर्जी आहे का? नाइन वन वनला फोन करून अँब्युलन्स बोलावू?"

ग्लासाला तिनं हात लावला नाही.

"अ‍ॅलर्जी नाहीये त्याला." टिश्यूनं पोराची जीभ पुसायला लागली.

"मम्मा, आय लाइक इट!"

"थुंक म्हटलं ना!"

तेव्हा कळलं. तिच्याबरोबरच्या काकूंनी आत्ताच विचारलं होतं, गाव कुठलं, गावात घर कुठं. मी आपली खुशीत सांगून बसले, ओढ्यापलीकडं, गावाच्या बाहेर. आडनावावरून नव्हती कळली, ती जात त्यावरून कळली.

काकू मला बाजूला घेऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "तू पॅकेटंच विक गं. हातचं नको ठेवूस. आम्ही नाही मानत, पण लोकांचं कसं असतं ना."

पॅकेटं. पापड, लोणचं, मेतकूट, सगळं मुंबईहून आलेलं. ते कुणाच्या हातचं? कुणी विचारलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "या ट्रॉय शहरात मराठी माणसं किती? सगळी एकमेकांना फोन करतात. दुकान बसेल. काउंटरला दुसरी बाई ठेवू. तू मागं थांब." एवढा इंजिनियर माणूस, आणि तोही भ्यायला. मी तर नववी नापास. माझी काय कथा. अजून दुकानात पोर खोकलं की हातातलं टाकून धावते. झोपेत ती बोटं दिसतात. माझ्या पोरीच्या तोंडात.

पण तेव्हा नवऱ्यासमोर तोंडातून निघून गेलं, "माझी आई दुसऱ्यांच्या लग्नात मागच्या दारी उभी राहायची. मी विमानात बसून मागच्या दारी उभी राहायला नाही आले."

दुसऱ्या दिवसापासून काउंटरला मीच. गिऱ्हाईक आलं की मीच आधी सांगते मी कोण ते. घ्यायचं तर घ्या. काही जण तसेच माघारी जातात. जाऊ देत. दुकान बुडलं तर बुडलं, लपून चालवणार नाही.

तुम्ही काय केलं असतंत? दुसरी बाई ठेवली असती?