खार्तूमच्या शेजारणीचं कुंकू

शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती खार्तूमहून राहायला आली, तेव्हा डबा घेऊन पहिली मीच गेले होते. युद्ध गल्लीत शिरलं तशी दोन मुलींना घेऊन ती निघाली होती. नवरा घर राखायला मागे राहिला आणि पुढे त्याचा फोनच लागेना. माझा नवरा शिपिंग कंपनीत, पोर्ट सुदानच्या एजंटांशी त्याचं रोजचं बोलणं. जरा चौकशी कर, असं त्याला मीच सुचवलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

मग रोज संध्याकाळी दुबईहून ट्रॅफिकमध्ये दोन तास रखडत आलेला हा माणूस घरात पाऊल टाकायच्या आधी तिच्या दाराशी उभा. "अजून काही नाही, सिस्टर. कळेल, इन्शाल्ला." आणि मग तिचं खार्तूम सुरू. कुठला पूल पडला, कुठला बाजार जळला, नदीकाठी कडुनिंबाखाली चहा विकणाऱ्या बाया कुठे गेल्या. छप्पर उडालेल्या घराचा फोटो मोठा करून ती दाखवायची, ही जिन्याची भिंत, हे स्वयंपाकघर. तो मान वाकवून बघायचा. माझ्या माहेरची गल्ली त्याला वीस वर्षांत धड सापडलेली नाही, पण खार्तूमचे पूल जेवताना मला नावानिशी सांगायचा. मी जळायचे. बेचिराख झालेल्या शहरावर जळायचे, सांगायला लाज वाटते, पण जळायचे. माझं ऐकायला इतकी वर्षं कुणी असं दारात थांबलं नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. तिलाही बोलावलं, न बोलावून कसं चालेल? माझ्या गुळाच्या पोळ्या ताटात तशाच, आणि सगळ्या बायका तिच्या मोबाइलभोवती. त्यातली एक मला म्हणाली, "तुझे मिस्टर किती करतात गं हिच्यासाठी! लकी आहे बाई." मी हसले आणि करंडा उचलला.

हे कशासाठी लावतात, असं तिनं माझ्या लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "इट्स फॉर वुमेन हूज हजबंड्स आर अलाइव्ह, आंटी." तिनं लगेच डोक्यावरचा केशरी तोब मागे सारला. त्यांच्या बायका तो साडीसारखाच अंगाभोवती गुंडाळतात. मग तिनं कपाळ पुढे केलं.

मी तिच्यापाशी आले आणि तिला ओलांडून पुढच्या बाईकडे वळले. नजरचूक नव्हती. एकदा तरी तिला कुणी वगळावं, एवढंच मला हवं होतं.

पुढचीच्या कपाळाला बोट टेकणार, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"उख्ती," तिच्या भाषेत बहिणीला म्हणतात तसं म्हणून ती इंग्रजीत हळूच बोलली, "तुझ्या नवऱ्याला कळलंय ना? तुला सांगितलं, मला सांगवलं नाही. कधी गेला?"

"नाही गं! काहीच कळलेलं नाही, शपथ," म्हणत मी घाईघाईनं तिला कुंकू लावलं. तिनं ते लावू दिलं. समजूत काढणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी ती मान हलवत राहिली.

आठवड्यानं ती लिफ्टमध्ये भेटली. पांढरा तोब नेसली होती. त्यांच्याकडेही विधवेचा रंग तोच. खबर तर अजूनही आलेली नाही.