धुराच्या पाइपचं तोंड

मालवणात बोटींना इंजिनं बसवणाऱ्या एका मिस्त्रीशी माझं कधी पटलंच नाही. माझं काम धुराच्या नियमांचं. कारखान्याने इंजिनावर ठोकलेली मान्यतेची पट्टी पाहायची, बसवलेलं इंजिन चालवून धूर मोजायचा, मगच बोट समुद्रात. भंगारातल्या ट्रकचं इंजिन रंगवून पुढे करणारे इथे पैशाला पासरी. हा तसला नव्हता. आमचं वाजायचं ते पाइपवरून.

केबिनवर देवाचा बावटा असतो. धुराचा पाइप सरळ वर ठेवला की मागून वारा आल्यावर काजळी बावट्यावर बसते, म्हणून इथले लोक पाइपचं तोंड खाली वाकवतात. नेमकं तिथेच इंजिनाच्या खणाचं झाकण. ते उघडं असलं की धूर आत उतरतो. अशाच एका बोटीवर मी मिस्त्रीला चारचौघांत झापलं की देवाला खोकला येत नाही, तुमच्या भावाला येतो. त्याचा धाकटा भाऊच त्या बोटीचं इंजिन सांभाळायचा. तो बाजूला उभा राहून हसत होता. पाइप माझ्यासमोर सरळ झाला आणि मी सही केली.

पुढे एकदा समुद्रात, भर दुपारी, जाळं पाण्यात असताना तो भाऊ खणात निजला तो उठलाच नाही. बोट परत आली तेव्हा पाइपचं तोंड खाली होतं. मी तणतणतच मिस्त्रीकडे गेले. एरवी माझ्याशी तो छापील मराठी बोलायचा.

"मी नाय वाकवलंय, मॅडम," तो म्हणाला. "तेनाच वाकवल्यान. देवाक धूर लागता म्हणान."

तो राग कुणावर काढायचा ते मला आजही कळलेलं नाही.

आता मिस्त्री पाइप सरळच ठेवतो आणि बावटा पुढच्या टोकाला बांधायला लावतो. चाचणीला मी असते. इंजिन सुरू करण्याआधी तो रिकाम्या खणावर वाकून हाक मारतो, "वर ये रे, चालू करतंय." मग थांबतो. आत कोणी नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. तरी कधी कधी शिडीची पायरी वाजल्यासारखी वाटते, आणि मला भीती वाटते.

परवा एका नव्या बोटीवर त्याला हाक मारताच येईना. खलाशी खोळंबले होते. शेवटी मीच खणाच्या काठाशी गुडघे टेकले आणि आत वाकून म्हटलं, "वर ये रे."

मग आम्ही दोघंही वाट पाहत राहिलो.