आधी टोपलं, मग नियम

आमच्या विज्ञानाच्या सरांना जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडलं असतं, तरी त्यांनी तिथे आधी तरफ शोधली असती आणि मग पाणी. अडकित्ता, चिमटा, हापसा, कशातही त्यांना टेकू दिसायचा, आणि दिसला की समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. एकदा नळदुर्गच्या ढाब्यावर एक ट्रकवाला चाक बदलत होता. सहलीला निघालेल्या आम्हा सगळ्यांना सरांनी त्याच्याभोवती बसवलं आणि जॅकवर असा काही तास घेतला की त्या बिचाऱ्याचं जेवण गार झालं. एका लग्नात जडत्व दाखवायचं म्हणून त्यांनी पानाच्या तबकाखालचा रुमाल झटकन ओढला. तबक जागेवर राहिलं, सुपाऱ्या मात्र नवरीच्या मामाच्या मांडीवर गेल्या. "नियम बरोबर आहे, रुमाल खडबडीत होता," असं सर पुढे कित्येक महिने सांगत होते.

बहात्तरच्या दुष्काळात आमचा मॅट्रिकचा वर्ग ओस पडला. शाळा सकाळची केली तरी निम्मी मुलं पाझर तलावाच्या कामावर. मीही आईबरोबर तिथेच. परीक्षेचं मी मनातून काढूनच टाकलं होतं. एका दुपारी सर सायकल दामटत कामावर आले आणि आम्हाला गोळा करू लागले. मुकादम धावत आला. "सर, इथं रिकाम्या हातानं हुबं ऱ्हायचं न्हाय. सायब आला तर मला घरी बसवंल."

"मग द्या टोपलं," सर म्हणाले, आणि मातीची टोपली हातोहात पुढे देणाऱ्या साखळीत ते माझ्या आणि आईच्या मधे उभे राहिले. मग रोजचंच झालं. इतका वाईट मजूर मी दुसरा पाहिला नाही. गतीचा नियम रंगात आला की टोपलं छातीशी धरून ते थांबायचे, मागे सगळी साखळी तुंबायची आणि बाया ओरडायच्या, "सर, आधी टोपलं, मग नियम!" तरफ मात्र त्यांनी पहारीने धोंडा हलवून शिकवली. "टेकू धोंड्याच्या जवळ घ्या, जोर कमी लागतो." त्या दिवसापासून साखळीतल्या सगळ्या बायांना तरफ यायला लागली. "हा प्रश्न परीक्षेत येणारच," सर छातीठोकपणे सांगायचे.

परीक्षा आली तेव्हा मुकादम अडून बसला. "पोरगी गेली तर तिच्या जागी दुसरं माणूस घेणार. परत काम न्हाय." आईला मला पाठवायचंही होतं आणि घर चालवायचंही होतं. सरांनी शाळेत रजा टाकली आणि माझ्या जागी सकाळपासून तेच उभे राहिले.

विज्ञानाचा पेपर देऊन मी एस.टी.ने तडक कामावर आले. सरांच्या भुवयांवरसुद्धा माती होती.

"तरफ आली का?"

"न्हाय आली, सर. बाकीचं सगळं लिवलं."

सर टोपलं धरून तसेच उभे राहिले. मागे साखळी तुंबली. त्या दिवशी एकही बाई ओरडली नाही. आईने त्यांच्या हातातलं टोपलं हळूच काढून घेतलं. "पोरीला येती न्हवं, सर? मंग झालं की."

मी पास झाले. सर आता नाहीत, आईही नाही. तलावाच्या भरावावर गेले की मला दोघांची फार आठवण येते, आणि तो न आलेला प्रश्न मी तिथे उभी राहून मनातल्या मनात सोडवते.