केसाच्या मुळाची बाजू दाखवणाऱ्या कमलताई

कमलताईंच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा सगळ्यात आधी आठवलं ते माझ्या डोक्याला गुंडाळलेलं फडकं. भोरला त्यांच्या घरात मी पहिल्यांदा शिरले ती तशीच, आईच्या आड लपत.

साठचं दशक तेव्हा संपत आलं होतं. वेल्ह्याजवळच्या आमच्या गावात मी विषमज्वरानं महिनाभर पडून होते. ताप उतरला, जेवू लागले आणि दोनेक महिन्यांनी केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, पाठीवर, जिकडेतिकडे केस. माझी वेणी कमरेखाली जायची. तिच्या जागी शेपटी उरली, आणि पुढून टाळू दिसू लागली. अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा तीन महिन्यांवर होती, केंद्र भोरला. मी घरात सांगून टाकलं, परीक्षेला बसणार नाही. आईनं मात्र कुणाकडून तरी कमलताईंचं नाव ऐकलं आणि मला एसटीत घातलं.

कमलताई तेव्हा तिशीच्या पुढे असतील. पुण्यात नाटकमंडळींचे टोप करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे त्या हे काम शिकल्या होत्या. भोरला आल्यावर गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांना टोप आणि बायकांना गंगावनं, म्हणजे वेणीत घालायचे वेगळे केस, त्या करून देत. त्यांनी आधी दाराला कडी घातली. मग मला म्हणाल्या, "सोड ते फडकं. हितं आपून तिघीच हाय."

मी सोडलं. त्यांनी हळहळ केली नाही. दोरीनं डोक्याचं माप घेतलं, टाळूवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गळाल्याले केस कुठं हायत?"

आईनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. माझा गळालेला एकेक केस तिनं धुऊन जपून ठेवला होता. मला ते माहीत नव्हतं. "टाकवंना, ताई," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

"लई ब्येस केलंत, वहिनी. हिचेच केस हिला लावू. पन ह्यो गुंता सोडवायला म्हयना जाईल. पोरीला हितंच ठेवा. सकाळी अभ्यास करंल, दुपारी माझ्याबरूबर बसंल."

अशी मी त्यांची शिष्या झाले. गळालेल्या केसांत मुळं आणि टोकं उलटसुलट मिसळलेली असतात. ती तशीच गाठली तर पहिल्याच धुण्यात सगळ्याचा काथ्या होतो. कमलताईंनी एक केस चिमटीत धरून अंगठा नि बोट पुढंमागं चोळलं. केस आपोआप एका बाजूला सरकत गेला. "ज्या बाजूला सरकंल तिकडं मूळ. डोळ्यानं दिसत न्हाई, बोटाला कळतं." पहिले आठ दिवस माझ्या बोटांना काही कळलं नाही. त्या एकदाही रागावल्या नाहीत. मी लावलेली जुडी उचलत आणि मुकाट्यानं पुन्हा वेगळी करत. मग एका दुपारी कळायला लागलं. त्यानंतर जाळीत बारीक आकडीनं एकेक केस ओवून गाठ मारणं शिकले. गाठी मोजायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. मोजल्या की घाई होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याच केसांचा, पुढची टाळू झाकणारा अर्धा टोप माझ्या उरलेल्या केसांत बसवला, वेणी घातली आणि पिना कुठं लावायच्या ते माझ्याच हातानं करून घेतलं. केंद्रावर पहिला तास मी मान हलवली नाही. दुसऱ्या तासाला विसरून गेले. बाहेर आले तेव्हा फाटकापाशी आई उभी होती. मी तिला पेपर कसा गेला ते सांगू लागले, आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. मी पास झाले. पुढं काही महिन्यांनी टोप सैल बसू लागला. कमलताईंनी तो काढून पाहिला आणि म्हणाल्या, "आता ह्याचं काम सपलं. खाली लव आलीया बघ." त्या वेळी मात्र मलाच रडू आलं.

मी काम शिकायला त्यांच्याकडे जात राहिले, आणि एकदा मोठी चूक करून बसले. आंबवड्याच्या एका बाईंना लहानपणी भाजल्यामुळं डोक्याच्या मागच्या बाजूला केस नव्हते. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्यासाठी मागं लावायचा केसांचा तुकडा मी केला, आणि घाईत एक जुडी उलटी गाठली. धुतल्याबरोबर तो पिंजून गोळा झाला. बाई तो घेऊन आल्या तेव्हा लग्नाला दोनच दिवस होते. मी तोंड उघडण्याआधी कमलताई म्हणाल्या, "चूक माझी. तपासून दिला न्हाई म्या." त्या बाई रागावल्याच नाहीत, कोपऱ्यात बसून राहिल्या, ते अधिक जड गेलं. दोन दिवस आम्ही दोघींनी उलट्या गाठी सोडवल्या आणि नव्या मारल्या. लग्नात त्या बाई मांडवात डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन फिरताना दिसल्या, तेव्हा मला मोकळा श्वास घेता आला. मला दोष देणारा शब्द कमलताईंनी तेव्हा काढला नाही, नंतरही नाही.

एका बाबतीत मात्र त्या फार कडक. लग्नासाठी मुलगी दाखवताना गंगावन लपवायला कुणी सांगितलं, तर त्या काम घेत नसत. "घालू द्या की पोरीला. पन सासूला आदी सांगा. भ्या घिऊन नांदायचं व्हय तिनं?" कितीतरी आयांनी आधी कुरकुर केली आणि नंतर येऊन त्यांचे हात धरले. घरात उघड झालं की मुली मोकळ्या होत.

पुढं मी शिक्षिका झाले. तरी आजारपणात केस गेलेली मुलगी वर्गात दिसली की तिला मी कमलताईंकडे घेऊन जाई. त्या पुन्हा दाराला कडी घालत.

कमलताईंचे केस आता पांढरेशुभ्र झाले आहेत. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, बोटं न थरथरोत, गुडघे कुरकुर न करोत. आणि शंभरीच्या समारंभाला त्यांनी यावं ते कुणाचा हात न धरता, आपला अंबाडा आपल्याच हातांनी बांधून.